उतरणीवर तुपाचा वास

पोळ्याच्या दिवशी शर्यत ठेवणाऱ्या माणसाला मी अजूनही माफ केलेलं नाही. संयोजक पोरं शहरातली. त्यांना कॅलेंडरात रविवार तेवढा दिसला. त्याच चौकोनात बारीक अक्षरात पोळा लिहिलेला होता, तो दिसला नाही. सासूबाई हातातलं सूप तसंच धरून म्हणाल्या, "पुरणाचा दिवस सोडून सायकलीवर चालली व्हय? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात ते मला पाठ होतं. मी चाळिशीला टेकलेली, शाळेत शिकवणारी, दोन लेकरांची आई, आणि काही वर्षांपासून डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या सायकलशर्यतींत उतरते. मास्तरीणबाईच्या अंगात वारं शिरलं, हे गावाचं मत माझ्यापर्यंत कधीच पोचलं होतं. पुरण आदल्या दिवशी वाटून ठेवते म्हटलं आणि विषय मिटवला.

आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडं, औंढ्याच्या डोंगरांच्या अंगाला. शर्यत आमच्याच शिवारातून जाणार होती. आधी सोयाबीनमधली चिखलाची गाडीवाट, मग एक छोटी उतरण, मग लांबलचक चढ, आणि चढ संपला की मोठी उतरण. ही मोठी उतरण वंगाळ. सुटे दगड, एकामागं एक वळणं, आणि एका बाजूला उघडा नाला. गुराखीसुद्धा तिथून ढोरं उतरवताना पुढं होत नाहीत, मागं राहतात.

माझी जोडीदारीण वसमतची. पंचविशीची मुसलमान पोरगी, वडलांचा हळदीचा व्यापार. आम्ही दोघी सराव बरोबर करायचो आणि भांडायचोही बरोबरच, कारण ती छोट्या उताराला ब्रेकला हातच लावायची नाही. "ताई, ब्रेक लावला की चाक घसरते, सोडून दिलं की सरळ जाते," हे तिचं शास्त्र. तुझं शास्त्र एक दिवस तुझे दात पाडील, हे माझं. सकाळी लवकर निघायचं म्हणून शनिवारी दुपारीच ती वडलांच्या टेम्पोत सायकल टाकून आमच्याकडं मुक्कामाला आली. आम्ही दोन्ही सायकली धुतल्या, साखळीला तेल दिलं, ब्रेक तपासले. या सायकलींना चाकाच्या मधोमध पोलादाची जाळीदार चकती असते. ब्रेक दाबला की दोन पॅड त्या चकतीला दोन्हीकडून चिमटतात आणि चाक थांबतं. साऱ्या सायकलीत ही एकच जागा अशी की तिला तेलाचा थेंब चालत नाही. आम्ही तिला उघड्या बोटानंसुद्धा शिवत नाही, बोटाचा ओशटपणाही नको म्हणून. सगळं ठाकठीक करून दोन्ही सायकली गोठ्यात शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि मी पुरणाला लागले.

गोठा रिकामाच होता. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलजोडी विकून दोन वर्षं झाली होती. ट्रॅक्टर आला, त्यांचे गुडघे गेले, कोणी जबरदस्ती केली नाही. पण पोळा आला की त्यांचा हात कशालाच लागायचा नाही. माझ्या सायकलीला ते "ते लोखंड" म्हणायचे. "ते लोखंड आंगणातून काढा, पाय लागते." एवढंच आमचं त्या विषयावरचं बोलणं.

सकाळी सायकली बाहेर काढल्या तर माझ्या हँडलवर आणि सीटवर हळद, तिच्याही सीटला थोडी. मला वाटलं, सासूबाईंनी रागारागात का होईना, गाडीला करतात तशी पूजा केली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरगी म्हणाली, "ताई, लगीन हाय का हिचं?" आणि तशीच बसून निघाली.

सुरुवातीला तपासणी होती. हेल्मेटचा पट्टा, शिट्टी, दोन्ही ब्रेक. तपासणाऱ्या पोरानं ब्रेक धरून सायकल पुढं ढकलून पाहिली, चाक बराबर अडलं. उभ्या सायकलीला ते अडणारच. मग चिखलाची वाट सुरू झाली. तिथं ब्रेक कुठं लागतो? एकदा दाबला तर तो किंचाळला, पण ओल्या चिखलात सगळ्यांचेच किंचाळत होते. पोरगी माझ्या पुढं निघून गेली होती, नेहमीसारखी.

छोट्या उतरणीवर मी सवयीनं आधीच ब्रेक धरले. चाक थोडं मंद झालं आणि परत सुटलं. अजून दाबले. दांडी पार हँडलला टेकली, चाकाला त्याचं काही नव्हतं. मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, राग आला. असं होऊच कसं शकतं, काल तर मी स्वतः तपासलं. आणि त्याच क्षणाला तुपाचा वास आला. लोणी कढवताना बेरी करपायला लागली की येतो, तसा खरपूस. मी एवढ्या वेगात खाली चाललेली, आणि डोक्यात काय, तर कोणाच्या घरी लोणी कढून राहिलं म्हणून. पुढं वळण आलं, मला वळता आलं नाही, आणि मी बांधावरच्या दगडांत गेले.

उठले तेव्हा हेल्मेट मधोमध उकललं होतं. ते नसतं तर आज हे लिहायला मी नसते. डाव्या मनगटात कळ उठत होती, हात भलत्याच कोनात लोंबत होता. सायकल शेजारी पडलेली, पुढचं चाक अजून फिरत होतं. वास तिथूनच येत होता. मी वाकून पाहिलं. चकतीवर काळपट पिवळा थर, आणि पॅडच्या फटीतून धूर. मी शहाण्यासारखं बोट लावलं, बोट पोळलं. हुंगलं. हळद आणि लोणी.

रस्त्याच्या कडेला मदतीचा तंबू होता, तिथं पोरांनी मला नेऊन बसवलं आणि मनगटाला फळी बांधली. मी पडल्याची खबर माझ्याआधी गावात पोचलेली. मामा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आले. उतरले आणि नुसते माझ्याकडं बघत उभे राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेलेली होती. मी त्यांना बस म्हटलं नाही, पाणी म्हटलं नाही. "माझ्या सायकलीच्या चाकाला लोणी कोणी लावलं?" असंच विचारलं.

"म्या लावलं," मामा म्हणाले. काही लपवायचं आहे असं त्यांच्या आवाजात जरासुद्धा नव्हतं. "काल खांदेमळणी न्हाई का?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. वर्षभर जू ओढून खांदा सोललेला असतो, तो मऊ व्हावा म्हणून. ते चोळताना बैलाला म्हणायचं असतं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मामांनी हे सगळं माझ्या सायकलीला केलं होतं. सीटला, हँडलला, आणि त्या चकतीलाही. "तेच लई करकर करते तुमचं," ते म्हणाले, "मंग तिथंच दुखत असंल ना? तिथं चांगलं जिरवून जिरवून लावलं." मला हसू यावं की रडू, ते कळेना. ज्याला ते लोखंड म्हणत होते, त्याला त्यांनी आवतण दिलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग ते म्हणाले, "दोन्हीला लावलं म्या. जोडीतल्या एकालाच लावून कसं चालंल?"

 पोरगी अजून वाटेवर होती. छोटी उतरण ती नेहमीप्रमाणं ब्रेक न लावता गेली असणार, म्हणून तिला काही कळलंच नसणार. आता ती चढाला लागली असंल, आणि चढ संपला की मोठी उतरण. तिथं ब्रेक लावल्याशिवाय ब्रह्मदेवसुद्धा उतरू शकत नाही. पहिल्या वळणाला ती ब्रेक दाबणार, आणि बाजूला नाला.

मी संयोजकाला ओरडून सांगितलं, तिला थांबवा. त्यानं फोन लावला. तिचा बंद. डोंगरावर बसलेल्या स्वयंसेवकाचा लागेना. दुसऱ्यांदा लावला, लागेना. तो फोनकडं असा बघत उभा, जसं काही फोनच आता उत्तर देणार. मी म्हटलं, फोन खिशात घाल आणि जीप काढ. तो माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला आधी दवाखान्यात—" मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शाळेतल्या बाईच्या तोंडी ते शब्द ऐकून मामांनीसुद्धा मान वळवली. पण जीप निघाली.

मामा न विचारता मागं चढले. दुसऱ्या अंगानं डोंगरावर जायला मुरमाचा रस्ता आहे. दर खड्ड्याला माझ्या मनगटातून कळ डोक्यात जात होती. मामांना नेमकं कळलं होतं का, ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. "मामा, त्या चकतीला लोणी लागलं की ब्रेक लागत न्हाई." त्यांनी विचारलं, "आजिबात न्हाई?" मी म्हटलं, आजिबात नाही.  ते समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते, आणि त्यांची बोटं अजून पिवळी होती.

वर पोचलो तर स्वयंसेवक झाडाखाली केळं खात बसलेला. जीप थांबायच्या आत मी ओरडले, ती आली का. "आत्ताच खाली गेली की," तो म्हणाला. "लई जोरात व्हती."

मी अजून जीपमधून उतरत होते. मामांचे पाय मात्र चालू झाले. ज्या माणसाला दोन वर्षांपासून देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, तो चपला तिथंच टाकून त्या दगडांवरून खाली पळत सुटला. मी मागून, फळी बांधलेला हात छातीशी धरून. पहिलं वळण. कोणी नाही. चिखलात चाकाची ताजी सरळ रेघ, कुठंच थांबल्याची खूण नाही. दुसऱ्या वळणाला मामा थांबले. रेघ वाट सोडून गेली होती. मला पुढं बघायचंच नव्हतं. मी डोळे मिटले, हे खरं सांगते.

रेघ नाल्याकडं गेलेली नव्हती. ती डोंगराच्या बाजूला, घाणेरीच्या दाट झुडपात शिरली होती. सायकल उलटी, चाकं वर, आणि पोरगी शेजारी मातीत बसून दंडातले काटे काढून राहिलेली. ओठ फुटलेला, एक गुडघा सोललेला. आम्हाला बघून ती उठायला गेली, तिला उठता आलं नाही. "ताई, ब्रेकच गेले," ती म्हणाली. "मंग म्या मुद्दाम झुडपात घातली. दुसरं काही सुचलंच न्हाई. आन वास कशाचा येऊन राहिला, तुपाचा?"

मी तिच्याजवळ मातीत बसले. एका हातानं तिला धरलं आणि मोठ्यानं रडले. किती वेळ, माहीत नाही. ती मलाच समजावत होती, "कुछ नही हुआ ताई, कुछ नही हुआ." मग मी तिला सांगितलं काय झालं ते. तिनं मामांकडं बघितलं. मला वाटलं आता ही बोलेल, आणि बोलली तर तिचं बराबरच आहे. ती म्हणाली, "मला पण लावली व्हती चाचा तुमी? म्या म्हटलं ताईची एकटीचीच पूजा असंल, माझ्या सायकलीला चुकून लागली."

मामा सायकलीपाशी गेले. त्यांनी ती सरळ उभी केली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि चकती पुसायला लागले. पुसून जात नाही ते, पॅडमध्ये मुरलेलं असतं. मी तसं सांगितलं तरी ते पुसतच राहिले. 

"बैल असता," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता, "त दुखत्या जागी हात लागल्याबराबर मान झटकली असती. लाथ घातली असती. हे मुकाट उभं राह्यलं, पोरी. मंग मला कसं कळावं?"