ओमा पडदे ओढून घ्यायची

रस्त्यावर बँड वाजू लागला की ओमा पडदे ओढून घ्यायची. चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला अख्खं पिस्कॅटवे गाव लोटायचं आणि आमची ही म्हातारी जर्मन घरमालकीण खालच्या मजल्यावर कडी घालून बसायची. ओमा म्हणजे आजी. तिचा नातू फोनवर म्हणायचा, म्हणून आम्हीही. एरवी बाई खमकी. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला की वर येऊन झाडायची. माझ्या हिंगाच्या फोडणीबद्दल मात्र कधी चकार शब्द नाही.

“बँडला काय घाबरायचं, ओमा?” मी एकदा चेष्टेने विचारलं.

ती म्हणाली, “माझ्या पणजोबांच्या लहानपणी जर्मनी नव्हताच, नुसती संस्थानं. लोक एकत्र जमून गाणी म्हणायचे, रडायचे. आधी भाषेवर प्रेम, मग मातीवर. माझ्या लहानपणापर्यंत एकच प्रश्न उरला होता : आपल्यातलं कोण नाही?”

दोन हजार एकच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले आणि बघता बघता गल्लीत घरोघरी झेंडे लागले. पेट्रोल भरताना माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, अंगावर कोणीतरी “गो होम!” म्हणून ओरडलं. तो पांढराफटक होऊन घरी आला. मी टिकली लावायचं सोडलं. भाजी आणायलाही आम्ही बाहेर पडेनासे झालो.

एका सकाळी ओमा जिना चढून आली. हातात अमेरिकेचा झेंडा. आमच्या कठड्याला तो बांधताना तिला गाठ मारता येईना.

“हिटलरच्या काळात माझ्या वडिलांनी झेंडा लावायला उशीर केला,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांनी पोलिसांत जाऊन सांगितलं. ते वडिलांना घेऊन गेले. वडील परत आले तेव्हा बोलत नव्हते.”

आजवर वाटायचं, म्हातारीचं काहीतरी जुनं खूळ आहे. आता ती आमच्यासाठी घाबरली होती.

दोन हजार सहाच्या फुटबॉल विश्वचषकात नातवाने जर्मनीहून फोटो पाठवला. गालांवर काळा-लाल-सोनेरी झेंडा, तोंडभर हसू. “गोड दिसतो. यात वाईट काही नाही, कळतं मला,” म्हणाली आणि तिने फोटो पालथा ठेवला. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. वरच्या मजल्यावर मला फार एकटं वाटलं.

नंतर आमच्या ईशाच्या शाळेत कार्यक्रम होता. राष्ट्रगीत सुरू झालं, सगळे उभे राहिले. ईशाने पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि ओरडली, “आई, लुक! दॅट लेडी इज नॉट स्टँडिंग!”

आजूबाजूच्या माना वळल्या. जन्मात पहिल्यांदा मला माझ्याच लेकीची भीती वाटली.