चोवीस तासांचा कॅन

साडेपाचचा गजर मी बंद करते आणि पुन्हा उशीत तोंड खुपसते. लॅबमधून आणलेला प्लास्टिकचा कॅन तीन दिवस मोरीत रिकामाच पडलाय. चोवीस तासांची लघवी त्यात साठवायची, मग शरीरातलं किती तांबं बाहेर पडतंय ते कळतं. आई म्हणते, आधी तुझं लग्न होऊन जाऊ दे. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर मोडेल.

डोळा लागतो न लागतो तोच मी स्वयंपाकघरात असते. ओट्यापाशी मयूरेशदादा उभा आहे. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. कावीळ उतरावी म्हणून आई त्याला तांब्याच्या लोटीत रात्रभर ठेवलेलं पाणी पाजायची, तेच तो पितोय.

"नको पिऊस ते!" मी ओरडते.

"अगं, पाण्यानं नाही गेलो मी. आईला सांग तसं. पोटात गेलेलं तांबं बाहेर टाकणं माझ्या लिव्हरला जन्मापासूनच जमत नव्हतं. तिथे साठलं, मग मेंदूत गेलं."

ओटा संपतो तिथे एसटी स्टँड आहे. दादा झोकांड्या खात बसमधून उतरतो, त्याची जीभ जड झालीय, लोक हसतायत. हा दिवस मला पाठ आहे. त्या दिवशी मी त्याच्या तोंडाचा वास घेतला होता.

"दारूचा वास आला होता?" तो विचारतो.

"नाही."

"मग घरी तसं का नाही सांगितलंस?"

"वाटलं, बडीशेप खाऊन आलास. चुकले रे दादा."

"ते जाऊ दे. आई आणि बाबा, दोघांकडून आला हा दोष. तुझ्यातही असू शकतो, चारात एक. आत्ता कळलं तर गोळ्या आहेत, केते. जन्मभर घ्याव्या लागतील, पण जगशील."

"आणि लग्न?"

"गोळ्या खाणारी बायको चालत नाही, मग मेलेली चालणार आहे का त्यांना?"

मला हसू येतं, रडूही येतं, आणि जाग येते.

कॅन माझ्या उशाशी आहे. लेबलवर बॉलपेनने लिहिलंय: केतकी, सुरुवात ६.१०. अक्षरं थरथरत वर चढलीत. शेवटच्या वर्षी दादा असाच लिहायचा. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झालीत.

हे अक्षर त्याचं की झोपेत लिहिलेलं माझं, मला कळत नाही. माझं असेल, तर एक दिवसही थांबायला नको. मी कॅन उचलते.

"आई," मी हाक मारते, "आज सुरू करतेय. पाहुण्यांना मी स्वतः सांगेन."