गुडघे टेकणारी गाडी

नवी पांढरी गाडी घ्यायची की जुनी विलायती, यावरून आमच्याकडे फोनवर बरेच दिवस महाभारत चाललं होतं. रायपूरला शंकर नगरच्या घरात मी आणि बाबा, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला पुण्याचा दादा. त्याचं म्हणणं, सगळे घेतात ती पांढरी एसयूव्ही घे. कुठल्याही गल्लीत मेकॅनिक मिळेल, विकायला काढलीस तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात. "जुनी विलायती गाडी म्हणजे पांढरा हत्ती आहे गं. पोसता पोसता मरशील." पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडचं आमचं वऱ्हाडी 'काहून' गेलं होतं आणि हे 'गं' आलं होतं. त्या 'गं'साठी मी त्याचं ऐकलं नाही असं म्हणणार नाही. पण थोडंफार त्यासाठीही होतं.

खरं कारण बाबांचे गुडघे. आई गेल्यापासून ते फाटकाबाहेर पडले नव्हते. उभा जन्म रेल्वेच्या इंजिनावर चढण्या-उतरण्यात गेलेला माणूस, आता ऑटोची पायरी पाहिली तरी मान फिरवायचा. शोरूमवाल्यांनी पांढरी गाडी दाखवायला घरी आणली तेव्हा बाबा तिच्या दारापर्यंत गेले, आतल्या उंच सीटकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले नाही जमत." काठी टेकत परत फिरले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून मला त्या बिचाऱ्या गाडीचाच राग आला.

चार दिवसांनी रिंग रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं ती दुसरी आणली. गडद हिरवी, डोंगर-नाले तुडवायला बनवलेली, आणि आत बघावं तर दिवाणखाना. त्यानं एक बटण दाबलं. गाडीनं लांब श्वास सोडला आणि ती सावकाश खाली बसली.

"बैलावानी बसली वं हे!" बाबा खुर्चीतून ओरडले. ते उठून आले आणि कोणाचा हात न धरता आत जाऊन बसले. माझा निर्णय तिथंच झाला. मी फक्त एवढंच विचारलं, की इतकी चांगली गाडी विकली काहून. व्यापारी इकडेतिकडे पाहत म्हणाला, "मालिक नहीं रहे, दीदी. उरला में रोलिंग मिल थी उनकी."

गाडीच्या सीटच्या शिवणीत काळी, लोखंडी भुकटी होती. मी पुसून काढली. पुढच्या आठवड्यात तितकीच पुन्हा होती. उरल्याच्या कारखान्यांची धूळ आहे, एका पुसण्यानं जायची नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दर रविवारी आम्ही दोघं शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीकडे जायचो. माझं ऑफिस तिकडेच, पण रोज स्टाफच्या बसनं जाताना तो भाग वेगळा वाटायचा. रविवारी भर दुपारी त्या सहा पदरी रस्त्यांवर चिटपाखरू नसायचं. बस स्टॉप होते, त्यावर कोणी नसे. सिग्नल लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, आणि समोरून-बाजूनं कोणीही यायचं नाही. बाबा प्रत्येक लाल सिग्नलला मला थांबायला लावायचे. "सिग्नल तो सिग्नल. दिसून नाही राहिलं म्हणजे कोणी नाही, असं नसते." आम्ही थांबायचो, एसीचा आवाज ऐकत. मला तिथं उगाच मागं वळून पाहावंसं वाटायचं. बाबा मात्र खुशीत असत. त्यांनी इस्त्रीचे शर्ट पुन्हा काढले होते.

फक्त एक गोष्ट मला खात होती. बाबा विसरू लागले होते. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचे. आईच्या नावानं एकदा हाक मारली आणि स्वयंपाकघरात डोकावून आले. दादाला मी हे सांगितलं नव्हतं, तरी त्याला फोनवर कळलंच. आमच्या काकांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी काका आरशातल्या माणसाला पाहुणा समजून पाणी विचारायचे. दादानं पुण्याजवळ अशा म्हाताऱ्यांसाठीची एक जागा पाहूनही ठेवली होती. "तू दिवसभर ऑफिसात. त्यांचं डोकं फिरलं तर कोण बघणार?" मी म्हटलं, बाबांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे, आणि फोन आपटला. पण त्या दिवसापासून मी बाबांच्या प्रत्येक वाक्याकडे कान लावून बसू लागले. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

अशात ते सीटचं सुरू झालं. संध्याकाळी ऑफिसातून आले की गाडी अंगणात गुडघे टेकून बसलेली असायची. सकाळी तर मी ती उभी पाहिलेली. तिला उभी करायला दार उघडावं तर ड्रायव्हरची सीट पार पुढं, स्टिअरिंगला खेटून, जणू एखादं बुटकं माणूस तिथं बसलं होतं. आणि मी दार उघडताच ती घूं-घूं करत आपणहून मागं सरकायची. कोणी उठून आपल्याला जागा करून द्यावी, तशी. आरसाही वळायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आत न बसता दार लावून टाकलं. मग जुनी गाडी, तिच्या वायरी खराब झाल्या असतील, असं म्हणून रोज बसत राहिले. पण बसण्याआधी सीटवर हात ठेवून पाहायची सवय लागली.

बाबांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "थे बाई येते ना. दुपारची."

"कोण बाई?"

"गाडीवाली."

आणि ते पेपर वाचायला लागले. शेजारी विचारलं, कोणी कधी बाई पाहिली नव्हती. दुपारी आमची गल्ली मेल्यासारखी झोपते, ते तरी काय पाहणार. आमच्या कामवालीचं काम सकाळीच संपतं. पण एकदा विसरलेली पिशवी न्यायला ती दुपारी परत आली होती. तिला विचारलं तर ती आधी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बाबूजी गाड़ी म बइठ के अकेल्ला गोठियाथें, दीदी." गोठियाना म्हणजे गप्पा मारणं. बाबा गाडीत बसून एकटेच गप्पा मारत होते.

मला एकदम काकांचा आरसा आठवला.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला फोन लावला, तो खरं म्हणजे भांडायलाच. सीट, आरसा सगळं त्याच्या अंगावर ओतलं. तो हसला. "दीदी, ये गाड़ी चाबी पहचानती है. एक चाबी से खोलो तो आपकी सीट, दूसरी से खोलो तो दूसरे की." दुसरी चावी मला मिळालीच नव्हती. ती मालकाच्या आईकडे होती, जुन्या शहरातल्या बूढापाऱ्यात. मालकानं म्हाताऱ्या आईला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं होतं. माताजी स्वतः घरी येऊन चावी देणार म्हणाल्या होत्या.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "ती बाई चावी द्यायला आली होती?"

"आली होती ना. मी नाही घेतली."

"काहून?"

बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मूर्ख पोट्टीकडे टाकतात. "जनावर विकलं तरी दावं विकत असतेत का? दावं त्याच्याच गोठ्यात राहते, नाही तं त्याच्या घरची बरकत जाते. मी मनलो, बाई, चावी तुमच्यापाशी ठेवा, अन् मन झालं तं येऊन बसत जा. पोराची गाडी आहे तुमच्या."

मी हसत सुटले, आणि हसता हसता रडले. आमच्या गावाकडच्या बैलाच्या दोरीचा कायदा बाबांनी विलायती गाडीला लावला होता! म्हणजे बाई खरी होती, चावी खरी होती, बाबा खोटं काही बोलत नव्हते. मी लगेच दादाला फोन करून सगळं ऐकवलं. बाबा ठणठणीत आहेत, तुझी ती जागा तुझ्या म्हातारपणी तुलाच लखलाभ, हेही ऐकवलं. तो चक्क "सॉरी" म्हणाला. त्या फोनइतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

मग वाटलं, त्या बाईंना एकदा भेटावं. भर दुपारी चोरासारखं कशाला यायचं, हक्कानं या, जेवायला या, असं सांगावं. हवेत थंडी आली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी ऑटोनं बूढापाऱ्यात गेले. तलावामागच्या अरुंद गल्लीत, स्कूटरींतून वाट काढत ते घर शोधलं. दार सुनेनं उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आत बसवलं, पाणी दिलं.

"मम्मीजी तो नवरात्रि में ही चली गईं," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही, कुठं गेल्या. मग भिंतीवर दोन फोटो दिसले, तरण्या मुलाचा आणि त्याच्या शेजारी बुटक्या, चष्मा लावलेल्या बाईंचा. दुसऱ्या फोटोवरचा हार नवाकोरा होता.

"और चाबी?" मी विचारलं.

"चाबी तो वो पोरा के दिन ही अंकलजी को दे आई थीं. मैं ही लेकर गई थी उनको. अंकलजी ले नहीं रहे थे. मम्मीजी बोलीं, अब मुझसे आया नहीं जाएगा, भाईसाहब."

पोळ्याला. तेव्हापासून चावी आमच्याच घरात, आणि कालही सीट पुढं होती.

परत येताना ऑटोवाला काहीतरी बोलत होता, मी ऐकत नव्हते. मनात एकच हिशेब चालला होता आणि तो मला पुरा करायचा नव्हता. गल्लीत शिरले तेव्हा नेहमीची दुपार होती, सगळी दारं बंद. आमचं फाटक उघडं. अंगणात गाडी गुडघे टेकून बसली होती. ड्रायव्हरची सीट पार पुढं, रिकामी. बाजूच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा तिच्याकडे वळून काहीतरी सांगत होते, हातवारे करत, हसत. मुठीत चावी होती. डॅशबोर्डवर चहाचे दोन कप. एक संपलेला, एकावर साय धरलेली.

मी काच वाजवली. बाबांनी दार उघडलं आणि मान वर केली. प्लॅटफॉर्मवर परक्या बाईमाणसाला वाट देताना ते जसं पाहायचे, तसं अदबीनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या सीटकडे वळून हळू आवाजात विचारलं, "बाई, हे पोरगी कोण? तुमच्यासोबत आली का?"

ते उत्तराची वाट पाहत होते. कोणीतरी द्यायलाच हवं होतं.

"हव," मी म्हणाले. "यांच्यासोबतच आली मी." आणि मागचं दार उघडून आत बसले.