पांढरा टॉवेल

धुतलेल्या टॉवेलांचा तो सुगंधी वास आला की मला माझी धाकटी बहीण आठवते. घाटघरला आमच्या घरावर मुलानं दोन खोल्या चढवल्या आणि नाणेघाट बघायला येणाऱ्यांना त्या भाड्यानं द्यायला लागला. गाद्या आल्या, गिझर आला, पांढरे टॉवेल आले. त्याच आठवड्यात बहीण अवसरीहून एसटीनं आली. आमच्यात दारी आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग पुसायला कापड. मी पाणी दिलं आणि दोरीवरचा टॉवेल तिच्या हातात ठेवला. सून आतून धावत आली. "मावशी, तो नका घेऊ. तो पावण्यांचा हाय." बहिणीनं टॉवेल घडी करून परत दिला. "मग मी कोण गं?" म्हणाली आणि ओले पाय लुगड्याला पुसले. मुलगा तिथंच मोबाईल बघत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. न जेवताच ती निघाली. जाताना मला म्हणाली, "पुढल्या बारीला फडकं घरनंच आणीन." पुढली बारी आलीच नाही, त्याआधीच ती वारली. आता त्याच टॉवेलांनी लोक चिखलाचे बूट पुसतात. सून हसून म्हणते, "असू द्या, आमी धुतो." धुते मी.