निमारची पट्टी

मार्दानिसच्या कीबोर्डचा पडदा आठ महिन्यांपूर्वीच काळा पडला होता. हे त्याने कोणालाही कळू दिलं नव्हतं. परियामानच्या किनाऱ्यावरच्या गावागावांत लग्न म्हटलं की मांडव, मांडव म्हटला की ओर्गेन, म्हणजे कीबोर्डवरची गाणी, आणि ओर्गेन म्हटला की मार्दानिस आणि त्याची बायको युस्निमार, सगळ्यांची निमार. तो वाजवणार, ती गाणार. डाव्या हाताने सूर धरला की ढोल, बास, गिटार सगळं त्या एका यंत्राच्या पोटातून यायचं. उजवा हात बासरीचा, व्हायोलिनचा, लागेल त्याचा. बावीस वर्षं तेच यंत्र. पडदा दिसत नव्हता तरी बोटांना सगळं पाठ होतं. वरच्या ओळीतलं चौथं बटण दोनदा, मग उजवीकडचं एकदा, की झाला किनाऱ्याकडचा ठेका सुरू.

एका गुरुवारी सकाळी मात्र त्याने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. वायर हलवली. थापट मारली. शेवटी मोटारसायकलवर आडवं बांधून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मागचं झाकण उघडलं आणि आत पाहून शिट्टीच मारली. खाऱ्या हवेने आतली पाटी हिरवीगार झाली होती.

"हे वाद्य आहे की मासे सुकवायचा पत्रा?" तो म्हणाला. चिमट्याने नखाएवढी एक चकती काढून त्याने मार्दानिसच्या तळहातावर ठेवली. "एवढी शाबूत आहे. बाकीच्याला माती द्या."

चकतीत मार्दानिसने वर्षानुवर्षं बसवलेले ठेके होते, आणि जामारिसमामाची बासरी होती. मामा हयात असताना त्याने त्यांना घरी बसवून एकेक सूर फुंकायला लावला होता, तो आवाज यंत्रात भरून घेतला होता. मामा गेले, बासरी लग्नांत वाजत राहिली. आता वाजवायची कशावर? आणि रविवारी तर सुंगाई लिमावला लग्न.

"त्यात काय एवढं?" एरिझाल म्हणाला. एरिझाल म्हणजे निमारचा धाकटा भाऊ. बाजारात मोबाईलची कव्हरं विकायचा आणि जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याचं मत तयार असायचं. गेल्या वर्षी हौसेने त्याने स्वतःला एक स्वस्तातला कीबोर्ड घेतला होता. तो एका हातात धरून, स्कूटर दुसऱ्या हाताने चालवत आला. मार्दानिसला तो अजो म्हणायचा, म्हणजे दादा; निमारही नवऱ्याला तेच म्हणायची. "हे बघा, अजो. चार किलो. तुमचं ते धूड सोळा किलोचं. सहाशे आवाज आहेत यात, अडीचशे ठेके. तुम्हाला लागतात किती? सगळी लग्नं मिळून बारा!"

बारा नव्हे, चौदा लागायचे. पण एरिझालचं म्हणणं जवळजवळ बरोबर होतं, आणि त्याचाच मार्दानिसला जास्त राग आला.

"अरे, तो लग्नात वाजवायचा आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाही."

"आवाज तो आवाजच ना! महागड्यात काय पट्ट्या सोन्याच्या असतात? नावाचे पैसे घेतात नुसते."

"तू कव्हरं विक," मार्दानिस म्हणाला. पण कीबोर्ड ठेवून घेतला. न घेऊन करतो काय?

शनिवारचा अख्खा दिवस तो त्या यंत्राशी झटापट करत बसला. पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या पोकळ. त्याचा हात जड, त्यामुळे प्रत्येक सूर ओरडूनच यायचा. त्याने चकती कुठे बसते ते शोधलं. कुठेच बसत नव्हती. यंत्र म्हणणार, माझ्यात आहे तेवढंच वाजवा, बाहेरचं चालणार नाही. म्हणजे जामारिसमामा बाद. आतली बासरी लावून पाहिली तर पुतू नावाची वाफवलेली मिठाई विकणाऱ्या गाडीवर वाफेची शिट्टी वाजते ना, हुबेहूब ती. शेजारची पोरगी पैसे घेऊन दारात आली आणि पुतूवाला न दिसल्याने हिरमुसून परत गेली.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. खरी अडचण गाण्याच्या पट्टीची होती, आणि ती कोणापाशी बोलायचीही सोय नव्हती.

गेली दहा वर्षं मार्दानिस निमारची गाणी हळूहळू खाली आणत होता. पहिल्यांदा तिला सर्दी झाली होती म्हणून अर्धा सूर. सर्दी गेली, पण त्याने पट्टी वर नेलीच नाही. ती मोकळेपणाने गात होती, कशाला छेडायचं? दोन-तीन वर्षांनी आणखी अर्धा. मग आणखी. आता एकूण चार अर्धे सूर खाली. जुन्या यंत्रावर पट्टी उतरवायचं बटण डाव्या अंगठ्याजवळ होतं. गाण्याआधी चार टिचक्या मारल्या की काम झालं, आणि पडदा त्याच्याच तोंडाकडे, आता तर काळाही, कोणाला दिसणार? निमारला वाटायचं आपला आवाज विशीतलाच आहे. बायकांत बसून ती तसं सांगायचीही. मार्दानिस मान डोलवायचा.

एरिझालच्या कीबोर्डवर हे बटणच नव्हतं. आधी एक कळ दाबा, मग यादीत सात वेळा खाली जा, मग आकडा बदला. त्याने ते पाठ केलं.

रविवारी सकाळी दहाला सुंगाई लिमावच्या मांडवात पाहुणे भरले. मसाल्यात आटवलेलं रेंदांग, मटणाचा रस्सा, पापडांचे डोंगर. एका बाजूला नवरा-नवरी जरीच्या गादीवर घामाने निथळत बसलेली. पहिलं गाणं बरं गेलं. निमारने लाल ओढणी सारखी केली, लोकांनी मान हलवली. दुसरं गाणं तिचं हुकमाचं. मार्दानिसने ठेका बदलला, सुरावट वाजवली आणि तिने तोंड उघडलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. सूर वर होता, चांगला वर. ठेका बदलला की हे दळभद्री यंत्र पट्टी आपोआप मूळ जागी नेऊन ठेवत होतं!

त्याने घाईघाईने कळ दाबली, यादीत खाली जाऊ लागला. एक, दोन, तीन... डावा हात काढल्यामुळे बास गेला. चार, पाच... गिटार गेली. नुसता ढोल बडवला जाऊ लागला, आणि निमार अंतऱ्याच्या उंच जागेकडे निघालेली. ती जागा तिने अठ्ठावीस वर्षं कधी चुकवली नव्हती. आज तिथे पोचली आणि आवाज चिरकला. असा चिरकला की वाढपी हातातलं पातेलं घेऊन थबकला. मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

निमार थांबली नाही. उरलेलं गाणं तिने खालच्या आवाजात, जवळजवळ बोलत संपवलं, हसून हात जोडले आणि मंचावरून उतरून थेट मांडवामागे गेली. नवऱ्यामुलाचे एक काका गायला उभेच होते. मार्दानिसने त्यांच्या हातात माईक कोंबला, बोटाला लागेल तो ठेका लावून दिला, ते संपताच जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि तो तिच्यामागे धावला.

"काय झालं हे?" ती म्हणाली. घामाने काजळ उतरलं होतं.

"यंत्र. यंत्रच भिकार आहे. सूर वर लावतं."

नेमका तेव्हाच एरिझाल, जेवणाचं ताट हातात घेऊन, आला. आपल्या कीबोर्डची बदनामी त्याच्या कानावर पडली होती.

"काय भिकार? सूर एकदम बरोबर आहे! मी पडद्यावर बघून आलो ना. पट्टी शून्यावर आहे, म्हणजे मूळ जागी. पहिल्या गाण्याला तुम्हीच उणे चार केली होती, अजो. उणे चार कोण गातं? माझ्या कीबोर्डला नावं ठेवू नका."

मार्दानिसने डोळे मिटून घेतले. या माणसाचं तोंड मटणाने भरलेलं असतानाही चालतं कसं?

निमारने ओढणीने काजळ पुसलं. मग म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अजो, मला वेडी समजू नका. कधीपासून खाली आणताय मला?"

"दहा वर्षं," तो म्हणाला. "एकदम नाही गं. थोडं थोडं."

"आणि मी इथे बायकांना सांगत फिरते, माझा आवाज अजून तसाच आहे म्हणून! तुम्ही शेजारी बसून माना डोलवताय!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आज काय बरं वाटलं?"

एरिझालने तेवढ्यात ताटासकट काढता पाय घेतला.

दुपारनंतर ती गायली, कारण यजमानांना नाही म्हणायची तिची रीत नव्हती. प्रत्येक गाण्याआधी मात्र माईक तोंडापासून दूर धरून ती त्याला विचारायची, "किती?" आणि तो सात वेळा यादीत खाली जाऊन, पाहुण्यांना ताटकळत ठेवून, आकडा सांगायचा. घरी जाताना मोटारसायकलवर ती त्याच्या कमरेला धरायच्या ऐवजी मागच्या कडीला धरून बसली.

सोमवारी सकाळी चहाचा पेला त्याच्यापुढे आपटून ती म्हणाली, "चला पादांगला. यंत्र मी निवडणार."

पादांगच्या दुकानातला विक्रेता गुळगुळीत केसांचा होता. त्याने त्यांना सरळ सगळ्यात मोठ्या कीबोर्डपुढे नेलं. ताटाएवढा पडदा, बोट लावलं की सरकणारा. दीड हजार आवाज. मार्दानिसने पट्टीवर हात ठेवला आणि तो क्षणभर सगळं विसरला. हाताखाली पट्टी भरीव, हलकं दाबलं तर सूर हलका, जोर दिला तर रुंद. त्याने चकती दिली. विक्रेत्याने ती खाचेत सरकवली, दोन मिनिटं काहीतरी शोधलं, आणि दुकानात जामारिसमामाची बासरी वाजली, मध्ये श्वास घेतल्याच्या आवाजासकट. मार्दानिसने तोंड फिरवलं.

"आणि मॅडमसाठी हे बघा," विक्रेता उत्साहाने म्हणाला. "माईक यातच जोडायचा. त्यांच्या आवाजाला आणखी तीन आवाज जोडून कोरस करतं. शिवाय कुठे सूर घसरला तर यंत्र आपोआप दुरुस्त करतं. कोणाला कळणारही नाही."

"मला दुरुस्त करायचं नाही," निमार म्हणाली. "असं करणारा एक घरी आहे. पट्टी उतरवायचं बटण कुठे आहे?"

"पडद्यावर. इथे बोट लावायचं, मग इथे, मग..."

"उन्हात, घामेजल्या बोटांनी?"

विक्रेत्याने बोट मागे घेतलं. लग्नाच्या मांडवात तो जेवायलाच गेला असणार, वाजवायला कधी नाही.

"आणि जनरेटर मध्येच बसला तर हे परत चालू व्हायला किती वेळ लागतो?" मार्दानिसने विचारलं.

मिनिटभर, म्हणे. मिनिटभर! मिनिटभरात वऱ्हाड अर्धं उठून जातं. हलवून पाहिलं तर वजनही जुन्याइतकंच. चिडचीड होऊन तो स्वस्ताच्या फळीकडे गेला. तिथे सगळे एरिझालचे भाऊबंद उभे होते, चमचमणारे, पोकळ, पुतूवाल्याची शिट्टी पोटात घेऊन. इतकी यंत्रं बनवणाऱ्या या लोकांना एकदा तरी लग्नात नेऊन बसवावं, असं त्याला वाटलं. एकात नको ते सगळं भरतात, दुसऱ्यात हवं तेच ठेवत नाहीत.

निमार मधल्या फळीपाशी उभी होती. तिथला एक कीबोर्ड मोठ्याचाच धाकटा होता: पडदा लहान, आवाज कमी, कोरसबिरस नाही, पण चकती घेत होता. आणि डाव्या हाताजवळ वर-खाली अशी दोन ढळढळीत बटणं, वर लाल आकडा.

"हे घ्या," ती म्हणाली. "आकडा मला उभ्या जागेवरून दिसला पाहिजे."

मार्दानिसने मोठ्याकडे एकदा वळून पाहिलं. ती भरीव पट्टी या मधल्याला नव्हती. बरी होती, इतकंच. याच्या निम्म्या किमतीत एरिझालवाला आला असता आणि याच्या तिप्पट दिल्यावर मोठा. आपण नेहमी असे मध्येच का अडकतो, असं पुटपुटत त्याने पाकीट काढलं.

पुढचे तीन आठवडे घरात नुसती भांडणं. बासरी आली, पण जुने ठेके अर्धेअधिक लंगडे होऊन आले. कुठे ढोल गायब, कुठे गिटारीच्या जागी ट्रंपेट. मार्दानिस एकेक दुरुस्त करी आणि निमार समोर बसून एकेका गाण्याची पट्टी ठरवी.

"उणे चार."

"पाच करा. घसा कशाला ताणू?"

"बरं, पाच. हे पुढचंही पाच?"

"त्याला दोनच. मी अजून मेलेली नाही."

एका गाण्यासाठी ती शून्यावरून हटायला तयार होईना. दुपारभर वाद झाला. शेवटी गाऊन दाखवलं. तीनदा गायली, एकदा जागा मिळाली, दोनदा निसटली. "एकदा मिळाली ना?" ती म्हणाली. त्याने कपाळाला हात लावला आणि शून्य ठेवलं.

नव्या यंत्रावरचं पहिलं लग्न नारासला होतं. निमारने माईक घेतला आणि मार्दानिसला काही कळायच्या आत सांगून टाकलं, "बायांनो, माझी पट्टी आता उणे पाच आहे. यांनी दहा वर्षं चोरून उतरवली, आता मी सांगून उतरवते. ज्यांनी आवाज बसला म्हणून गाणं सोडलंय त्यांनी या. यंत्र खाली येतं, आपण वर जायची गरज नाही."

मांडवात आधी हशा पिकला. मग स्वयंपाकाच्या बाजूने एक जाडजूड मावशी हात पुसत आली. तिच्यामागे दुसरी. जेवणं होईपर्यंत मंचाच्या पायऱ्यांवर सात-आठ जणी रांगेत उभ्या होत्या; कोणी वीस वर्षांत माईक धरला नव्हता, कोणी गाण्याचे शब्द नातीकडून विचारून घेत होती.

"मला उणे तीन लावा," एक म्हणाली.

"तीन नको, सहा लावा हिला," मागची म्हणाली. "हिचा आवाज म्हशीसारखा आहे."

"अहो, एकेकीने बोला!" मार्दानिस ओरडला. प्रत्येकीचा सूर शोधायचा, बटण दाबायचं, ती म्हणणार वर झालं, पुन्हा दाबायचं, ती म्हणणार आता खाली गेलं. त्याचा रस्सा ताटात थिजला. निमार पंख्यासमोर खुर्ची टाकून, पाय सोडून, सरबत पीत बसली होती.

"तू गा ना एखादं," तो केविलवाण्या आवाजात म्हणाला.

"आज माझी सुट्टी," ती म्हणाली. "अजो, त्या बिचाऱ्या ताटकळल्यात. उणे सहा लावा."