चाळीस फायलींतली येसू

भिवंडीत माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान कॉलेजच्या दाराशीच आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास माझ्याकडेच होतो. उपक्रमांची फाईल दिल्याशिवाय हॉल तिकीट नाही. फाईलमध्ये फोटो, प्रमाणपत्र आणि 'या अनुभवाने मला काय दिलं' यावर एक पान. तशी पानं माझ्याकडे तयारच असतात. 'मातीत हात घातला आणि मी स्वतःला सापडलो.' नाव बदललं की झालं. यंदा चाळीस जण असे मातीत सापडले.

चाळीसही फोटोंत मागे एक बाई वाकलेली. ती येसू. पडघ्याच्या पुढे डोंगराखालच्या पाड्यावरची. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यात भात, एरवी गोडाऊनच्या बांधकामावर पाट्या उचलायच्या. शाळा तिने आतून पाहिली ती बांधायला गेली तेव्हाच. जुलैत कॉलेजच्या कुमार सरांनी पोरांना तिच्या शेतावर 'श्रमानुभवा'ला नेलं. वीस मिनिटं लावणी, दीड तास सेल्फी, वडापाव खाल्ला आणि बस सुटली. मग येसूने आणि तिच्या मुलीने, सुवर्णाने, ते वाकडंतिकडं रोप उपटून संध्याकाळपर्यंत परत लावलं.

सुवर्णा त्याच वर्गात. आणि हजेरीपटात तिच्या नावापुढे काय? गैरहजर! का, तर हजेरी बसमध्ये घेतली. अहो, ही बसमध्ये कशाला असेल, तिचं घरच तिथे! "नियम आहे," सर म्हणाले. "आणि एका फोटोत हिची पाठ दिसते, चेहरा नाही." धन्य ते सर! माझं डोकंच फिरलं. पण सर म्हणजे रोजचं गिऱ्हाईक, मी त्यांच्या फायली छापत राहिले.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रमाणपत्रांवर 'स्थानिक शेतकऱ्याचा' अंगठा घ्यायला सरांनी येसूला माझ्या दुकानात बोलावलं. टेबल माझं, शाईचं पॅड माझं. सुवर्णा मागे तोंड पाडून उभी.

"मावशी, या चाळीसांवर मारा," सर म्हणाले.

"यात माझी सुवर्णा कुठं हाय?"

"ती गैरहजर होती. आणि आईचा अंगठा मुलीला चालत नाही."

येसूने पॅडचं झाकण लावलं. "मंग यांनाबी न्हाय चालत. यांनी लावलेलं एकबी रोप माझ्या शेतात न्हाय. खोट्यावर अंगठा कसा मारू, मास्तर?"

सर आधी हसले. मग घामाघूम झाले. मग उगाच हिंदीतून समजावून पाहिलं. फायली दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे जायच्या होत्या. येसू स्टुलावर बसून राहिली.

"मला घाई न्हाय. आज कामावर खाडा झालाच हाय. हिची खरी हजेरी लावा, मंग यांच्या खोट्यावर मारते."

सरांनी गुपचूप हजेरीपटात खाडाखोड केली, सुवर्णाचं प्रमाणपत्र भरलं. मग येसूने पॅडचं झाकण उघडलं. एक्केचाळीस अंगठे. नियम कुठे गेला, ते मी विचारलं नाही.

सुवर्णाने तिचं पान तिथेच बसून स्वतः लिहिलं. 'त्या दिवशी मी आणि आईने चाळीस जणांचं रोप परत लावलं. कंबर दुखली.'

सरांनी वाचलं, तोंड वाकडं केलं. "यात भावना नाहीत. वनिताताई, तुमच्याकडचं एक तयार लावून द्या."

कॉम्प्युटरवर तशी तयार चांगली तेरा पानं पडली होती.

म्हटलं, "संपली, सर."