आत्तीची ट्यूब

माझं माहेर खानापूरकडचं. लग्न होऊन जोयडा तालुक्यात आले तेव्हा काळी नदीवरचं धरण भरून चार-पाच वर्षं झाली होती. सासरची खालच्या अंगाची सगळी खाचरं पाण्यात गेली होती, वरची तीन तेवढी राहिली होती. मागच्या दारानं उतरलं की दहा मिनिटांत धरणाचं पाणी लागायचं आणि त्यात अजून वाळकी झाडं उभी असायची.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची, आमच्या भागात सासूला तसंच म्हणतात. पन्नाशीच्या, उंच, अंगानं काटक. धरणाआधी ओढ्यात टोपली लावून त्या मासे धरायच्या. धरणाचं पाणी खोल, मासळी मधे फिरणारी, तिथं टोपलीचं काम नव्हतं. गावातली माणसं ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर बसून जाळं टाकायला जायची. मधल्या भोकात बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि हातातल्या दोन फळ्यांनी पाणी मागं सारायचं. बायका काठावर मासे साफ करायच्या.

एकदा जेवण वाढताना आत्ती सासऱ्यांना म्हणाल्या, "मला एक ट्यूब घ्यायची हाय."

"कशाला?"

"बसायला."

सासऱ्यांनी भात कालवला. हा विषय आपोआप विरेल असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण सोमवारी सकाळी आत्तींनी मला तयार व्हायला सांगितलं आणि आम्ही दोघी बसनं रामनगरला गेलो.

पंक्चरच्या दुकानात ट्यूबा खुंट्यांवर टांगलेल्या होत्या. दुकानदाराला वाटलं, घरातल्या कुणासाठी निरोप घेऊन आल्यात. "कोण बसणार हाय?" त्यानं विचारलं.

"मीच."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं आमच्याकडंच बघत होती.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब काढली. "ही न्ह्या, आक्का. मोठी हाय, बुडायची भीती न्हाई."

आत्तींनी ती खांद्यावर घेऊन बघितली आणि खाली ठेवली. "पाण्यावरनं घरापातूर चढ हाय. रोज मलाच उचलायची हाय ही. आन् एवढ्या मोठीवर बसलं तर पाय पाण्याला लागतील का माझं? वारा आला की वारा न्हेईल तिकडं जायचं."

मग त्यानं जीपची दाखवली. ती हलकी होती, पण आत्ती म्हणाल्या, हिच्यावर कमरेपर्यंत पाण्यात राहायला लागेल, थंडीच्या दिवसांत तासभर निघायचा नाही. राहिली ट्रकची. त्या सात-आठ होत्या. आत्तींनी एकेक खाली घेतली. बोटांच्या चिमटीत धरून दुमडायची, दुमडलेल्या जागी बारीक चिरा दिसतात का बघायचं, ताणायचं, नाकाशी न्यायचं. एक अगदी काळीभोर, चकचकीत होती. मला तीच आवडली. आत्तींनी दुमडून मला दाखवली. घडीवर केसासारख्या रेषा उमटल्या होत्या. "उन्हात पडून वाळल्याली हाय. वरनं पुसून ठेवलीय."

दुकानदार हसला, पण नाही म्हणाला नाही.

शेवटी त्यांनी जी बाजूला काढली तिला दोन ठिगळं होती. रबर मात्र जाड आणि मऊ होतं. "पाण्यातली झाडं टोचत्यात, पातळ चालायची न्हाई," त्या म्हणाल्या. हवा भरून घेतली, अर्ध्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात थोडी थोडी करत सगळी फिरवली. बुडबुडा आला नाही. मग त्यांनी ती दुकानाच्या दारातच जमिनीवर ठेवली, नऊवारीचा ओचा खोचला आणि तिच्यात बसल्या. चहाच्या गाड्यावरची माणसं माना वळवून बघायला लागली. आत्ती डावीकडं वळल्या, उजवीकडं वळल्या, मग उठून म्हणाल्या, "हवा भरायचा वॉल मांडीला लागतोय. आतल्या अंगाला हाय. बसताना ही बाजू पाठीमागं घ्यायची, म्हंजे झालं." कुणी बघतंय याचं त्यांना काहीच नव्हतं. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून त्या माणसांकडं पाहिलं.

ट्यूब तशीच फुगलेली बसच्या टपावरून घरी आणली. आत्तींनी तिच्याभोवती सुतळी गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि ट्यूब माजघरात ठेवली. तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी सुतळीखाली माझं बोट सहज शिरलं, म्हणजे हवा कमी झाली होती. आत्तींनी वॉलवर थुंकी लावली आणि आम्ही दोघी वाकून बघत बसलो. बऱ्याच वेळानं एक बारीक फुगा आला.

पुन्हा बस, पुन्हा रामनगर. मला वाटलं आता भांडण होणार. आत्तींनी आवाज चढवला नाही, नुसती सुतळी दाखवली आणि काय केलं ते सांगितलं. दुकानदारानं वॉलची आतली पिन बदलून दिली आणि म्हणाला, "असं तपासायचं मला बी सुचलं न्हवतं." यावेळी त्यानं चहा मागवला.

सुतळी दुसऱ्यांदा सैल पडली नाही. खताच्या पोत्यांचा धागा काढून आत्तींनी दोरी वळली आणि भोकावर बसायला जाळी विणली. तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे बूच घट्ट लावून, पडलं तर तरंगायला म्हणून कमरेला बांधायला ठेवले. सासरे दोन दिवस हे सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फणसाच्या लाकडाच्या दोन फळ्या तासून, घासून ट्यूबेवर ठेवल्या.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही पाण्यावर गेलो. सासऱ्यांनी ट्यूबेला लांब दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं, मग जाळं सोडवून आत्तींकडं दिलं. आत्ती पाण्यात शिरल्या, ट्यूबेवर बसल्या, वॉल पाठीमागं, जाळं मांडीवर. दोनदा गोल फिरल्या, मग फळ्यांचा अंदाज आला आणि सरळ निघाल्या. दोर माझ्या हातातून सरकत संपला. आत्ती थांबल्या. पुढं वाळक्या झाडांची रांग होती आणि तिच्यापलीकडं मोकळं पाणी.

त्यांनी मागं वळून सांगितलं, "सोड."

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "ती सोड म्हणतीया न्हवं."

मी सोडला. आत्तींनी दोर ओढून मांडीवर गुंडाळून घेतला आणि झाडांमधून वाट काढत गेल्या, ट्यूब एकाही फांदीला लागू न देता. तासाभरानं परत आल्या तेव्हा जाळं लावून झालं होतं आणि चेहऱ्यावर कसलाही तोरा नव्हता. "मधे पाणी लई गार हाय," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी जाळ्यात दोन कटला मासे मिळाले, एक बराच मोठा.

पुढं गावातली माणसं ट्यूब आणली की आत्तींना दाखवायला आणू लागली. त्या ओसरीवर बसून दुमडून, वास घेऊन सांगायच्या, ही घे, ही परत कर. कुणाला वाईट वाटू नये म्हणून मऊ शब्दांत सांगायच्या. एकदा विशीतला एक गडी हट्टानं ट्रॅक्टरचीच घेऊन आला. आत्ती त्याला म्हणाल्या, "तुझ्या आंगाला चालंल. पर वारा सुटला की लौकर काठाला ये."

दोन वर्षांनी त्या मला घेऊन पुन्हा रामनगरला गेल्या. मी विचारलं, "जुनी खराब झाली का?"

"तिला काय झालंय? तुझी घ्यायची हाय."

मी त्यांच्याहून ठेंगणी आणि जाड. दुकानदारानं त्यांच्यासारखीच एक काढली. आत्तींनी नको म्हटलं, मला चार-पाच ट्यूबांत बसवून बघितलं आणि थोडी लहान, रुंद पोटाची निवडली. चहाच्या गाड्यावर माणसं होतीच. मी बसले, डावीकडं वळले, उजवीकडं वळले. हीच बरी वाटतीया म्हणाले.